दहा इंची उजेड

राजकुमार राठोडच्या पायाला भिंगरी आहे हे तांड्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या आषाढात ती भिंगरी त्याच्या अंगठ्यात उतरली. पुसदच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना शिकवताना, एसटीत, जेवायला बसल्यावरसुद्धा, डाव्या हातात मोबाइल आणि अंगठा सारखा खालून वर. शोध एकाच गोष्टीचा चाललेला: एक छोटा, पिशवीत घालून कुठंही नेता येईल असा मॉनिटर.

त्याला नाद होता तो पत्त्यांच्या कॅटाएवढ्या कॉम्प्युटरचा. नुसती उघडी पाटी, वर चार चिपा आणि कडेला भोकं. त्यावर त्यानं काय काय करून पाहिलं होतं. बापाच्या, म्हणजे रामसिंगच्या, विहिरीवरची मोटर घरबसल्या चालू करायचं यंत्र केलं, ते पहिल्याच आठवड्यात रानडुकरांनी तुडवलं. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार आपोआप बंद होईल असं केलं, ते कोंबड्या बाहेर असतानाच बंद व्हायला लागलं. तांड्यातली माणसं हसायची आणि पुढचं काय म्हणून वाटही पाहायची. या खेपेचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हे पुष्पासाठी होतं.

पुष्पा त्याची धाकटी बहीण. तिची सगाई झाली होती, दिवाळीनंतर लग्न, आणि म्हणून ही तिची शेवटची तीज. राखीच्या सुमारास तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी छोट्या दुरड्यांत माती-खत घालून गहू पेरतात, रोज सकाळ-संध्याकाळ गाणी म्हणत पाणी घालतात आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी ते वीतभर वाढलेले कोंब, म्हणजेच तीज, वाजतगाजत काढतात. लग्न झालं की दुरडी सुटली, ती कायमची. या तांड्यात दुरड्या नायकाच्या, म्हणजे तांडाप्रमुखाच्या, घरातल्या आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवायची रीत होती. अंधारात कोंब पिवळे, मऊ आणि सरळसोट वाढतात. जिची तीज उंच आणि सरळ, तिचं घर नीट लागणार, असं बायका मानायच्या. एकदा पेरणी झाली की पोरी आणि नायकीण सोडून त्या खोलीत कोणी पाऊल टाकायचं नाही. बाप्यांनी तर नाहीच नाही.

पुष्पा लहान होती तेव्हा पहिल्याच तीजेला तिनं राजकुमारला विचारलं होतं. घरात दोघांचं बोलणं गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, चालायचं, पण दोघांची जीभ पुसदच्या बाजारात वाढलेली, म्हणून इथं ते वऱ्हाडीतच सांगतो.

"भिया, आपण सकाळी पाणी टाकतो तं एवढी असते, संध्याकाळी टाकतो तं एवढी. मंग वाढते कधी? आपण नसतो तेव्हाच काहून वाढते?"

"मी तुले वाढताना दाखवीन," तो म्हणाला होता. तेव्हा त्याच्याकडे साधा टॉर्चही नव्हता.

आता त्याच्याकडे अंधारात पाहणारा कॅमेरा होता. माणसाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडात तो थोड्या थोड्या वेळानं एक फोटो काढणार, आणि नऊ दिवसांचे फोटो एकामागे एक पळवले की तीज भराभर वाढताना दिसणार. खोलीत दिवा लागणार नाही, रीत मोडणार नाही. इतकं सगळं त्यानं डोकं लावून जमवलं होतं. घोडं अडलं होतं ते मॉनिटरवर.

खरं म्हणजे अडायचं काही कारण नव्हतं. क्लासमध्ये त्याच्याबरोबर शिकवणारा मंदार देशपांडे, तीन पिढ्या कचेरीत घालवलेल्या घरातला शांत माणूस, त्याला रोज तेच सांगायचा.

"अरे राजा, सात इंची घे नं. पॉवर बँकवर दोन दिवस चालते. तुले फक्त कॅमेरा नीट लागला का नाही तेवढंच पाहाचं आहे. एकदा पाहिलं का स्क्रीन काढून घे, कॅमेरा आपलं काम करते."

सात इंची मागवला. आला, लावला, आणि राजकुमारला तो उघडा, बिनकव्हरचा तुकडा तांड्यासमोर ठेवायची लाज वाटली. परत पाठवला. मग पंधरा इंची मागवला. दिसायला झकास, पण पॉवर बँक दुपारीच मान टाकायची. तोही परत. कुरियरवाला आता त्याला बघून हसायला लागला. तिसऱ्या खेपेला त्यानं नुसत्या लोकांच्या तक्रारी वाचल्या. याची वायर ढिली, त्याचे रंग फिके, याचं स्टँड घसरतं, त्याला वेगळी पिन लागते. एकाला आवडलं म्हणावं तर दुसरा कपाळाला हात लावून बसलेला. रात्री डोळे मिटले तरी त्याला खाली-वर सरकणारे चौकोन दिसायचे.

आणि मॉनिटर बाजूला ठेवला की मन जायचं राजूरला. पुष्पाचं सासर तिकडं, वणीच्या पलीकडं, कोळशाच्या खाणीजवळ. नवरा मुलगा खाणीत इलेक्ट्रिशियन. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, पण दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत काळे पडतात असं कोणीतरी सांगितलं, आणि राजकुमारचा जीव टांगणीला लागला. घरात काही न सांगता तो दोनदा राजूरला जाऊन आला. चहाच्या टपरीवर बसून त्या घराकडे बघत राहिला. दोरीवर कपडे होते. काळे होते की नव्हते हे त्याला इतक्या लांबून काही ठरवता आलं नाही, आणि तो आला तसाच परतला.

शेवटी त्यानं दहा इंची घेतला. कव्हर होतं, स्टँड होतं, पॉवर बँकवर चालत होता आणि मुख्य म्हणजे उजेड. बाकी सगळ्यांपेक्षा झगझगीत. तीज उचलायच्या दिवशी भर दुपारी नायकाच्या अंगणात सगळ्या तांड्याला सिनेमा दाखवायचा, तर उन्हात दिसायला नको का?

मंदारनं हातात घेऊन बघितला. "डोळे दिपते बाप्पा. कमी नाही होत का?"

"होते. पण कायले करू?" राजकुमार म्हणाला.

पेरणीच्या आदल्या दिवशी त्यानं खोलीत सगळं मांडलं. नायकीण धुरपताबाई दारात उभी राहून बघत होती. तीजेचं सगळं तिच्या शब्दावर चालायचं. पुष्पानं आठ दिवस मागं लागून तिची परवानगी मिळवली होती.

"उद्यापासून तुले आत नाही येता येणार," धुरपताबाईनं बजावलं.

"माहीत आहे, मावशी."

माहीत होतं, पण आत न येता चैन कसं पडावं? मोबाइलवर चित्र बघायचा बेत त्यानं करून पाहिला, पण नायकाच्या घराच्या भिंती हातभर जाड, ओट्यावर आलं की सगळं तुटायचं. मग त्याला युक्ती सुचली. दुरड्यांच्या मागं, भिंतीतल्या कोनाड्यात त्यानं मॉनिटर ठेवला, तोंड दाराकडे करून. दाराच्या फळ्यांत बोटभर फट होती. बाहेरून डोळा लावला की कॅमेरा काय बघतो आहे ते थेट दिसत होतं. स्क्रीन आपोआप झोपू नये म्हणून तशी सेटिंग करून ठेवली, उजेड पुरता वाढवला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

पुष्पाला त्यानं पॉवर बँक बदलायला शिकवलं. तिला ते एका झटक्यात आलं.

"ही स्क्रीन सारखी चालूच ठेवाची का?" तिनं विचारलं. "झाकू का हिच्यावर काही?"

"नको नको. हात नोको लावू तिले."

पेरणी झाली. पहिले दोन दिवस नुसती माती. तरी राजकुमार क्लासला जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा, मधूनच गाडी काढून दुपारी एकदा, असा नायकाच्या ओट्यावर चढायचा आणि फटीला डोळा लावायचा. धुरपताबाई सुपात तांदूळ निवडत बसलेली असायची.

"उगवलं का रे?" ती विचारायची.

"नाही अजून."

"तुह्या पाहण्यानं लौकर उगवून राह्यलं का?"

तिसऱ्या दिवशी मातीतून पांढरट टोकं वर आली.  इतकं आवडलं त्याला ते, की घरी येऊन त्यानं आईला, सुखीबाईला, हात धरून नेलं आणि फटीतून दाखवलं. सुखीबाईनं पाहिलं, डोळ्याला पदर लावला आणि घरी गेली. तिचीही पोरगी सासरी जायचीच होती की.

पाचव्या दिवशी चित्र तिरपं दिसायला लागलं. सगळे कोंब एका अंगाला कललेले. राजकुमारनं तोंडातल्या तोंडात शिवी घातली. कॅमेरा सरकला असणार. बहुतेक पाणी घालताना कोण्या पोरीचा हात लागला. संध्याकाळी पोरी गाणं म्हणत आत निघाल्या तेव्हा त्यानं पुष्पाला दारात अडवलं.

"कॅमेरा वाकडा झाला. थोडा उजवीकडे उचल."

आत गाणं चालू होतं. फटीतून त्याला दिसलं, पुष्पानं कॅमेरा उचलून कलता केला, चित्रातले कोंब सरळ झाले. त्याला बरं वाटलं. मग एकदम गाणं थांबलं. पोरींचं गाणं असं मध्येच थांबत नाही. बाहेर ओट्यावर बसलेल्या बायकांनी मान वर केली.

पुष्पा बाहेर आली. तिचे हात ओले होते.

"कॅमेरा सरळच होता, भिया," ती म्हणाली. "तीज वाकली."

पुढं काय झालं ते त्याला नीट आठवतही नाही. धुरपताबाई आत गेली, बाहेर आली. सगळ्यांच्याच दुरड्या वाकल्या होत्या, पण पुष्पाची सगळ्यांत जास्त. तिची दुरडी मागच्या बाजूला होती, कोनाड्याला लागून. बायका हळू आवाजात बोलायला लागल्या. एक म्हणाली, असं कधी झालं नव्हतं. दुसरी म्हणाली, लग्नाची पोरगी आहे, तिचीच काहून एवढी? तिसरीनं राजूरचं नाव घेतलं आणि जीभ चावली. सुखीबाई भिंतीला टेकून खाली बसली. पुष्पा कोणाकडेच बघत नव्हती. ती आपले ओले हात ओढणीला पुसत होती, पुसून झाले तरी पुसत होती.

 राजकुमारनं पुन्हा फटीला डोळा लावला, कारण त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. समोर तो दहा इंची झगझगीत चौकोन, आणि त्याच्याकडे माना करून उभे असलेले सगळे कोंब. त्या काळोखात तेवढाच एक उजेड. कोंब दुसरीकडे जाणार कुठं?

खोलीत दिवा नको म्हणून त्यानं न दिसणाऱ्या उजेडाचा कॅमेरा शोधला होता. आणि स्वतःच्या हातानं तिथं सूर्य आणून ठेवला होता. ही गोष्ट मॉनिटर निवडताना महिनाभरात एकदाही त्याच्या मनात आली नाही. त्याला स्वतःचा इतका राग आला की दाराच्या फळीवर डोकं आपटावंसं वाटलं.

क्षणभर गप्प बसायचाही मोह झाला. यंत्राचं कोणाला कळत होतं? बायका राजूरला नावं ठेवतील, नशिबाला ठेवतील, आपलं नाव कोणी घेणार नाही. पण पुष्पाचे ते हात त्याला दिसत होते.

"मावशी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "हे राजूरचं नाही आन् नशिबाचंही नाही. हे माह्यं आहे. रोपटं उजेडाकडे जाते. मी आत स्क्रीन चालू ठेवली. पुष्पाची दुरडी तिच्याजवळ, म्हणून तिची जास्त वाकली."

धुरपताबाई त्याच्याकडे वळली. "कायले ठेवली चालू?"

"मले बाहेरून पाहाचं होतं."

"फोटो काढाले लागते का ते?"

राजकुमारला खोटं बोलता आलं नाही. "नाही लागत."

  पुष्पानं आता त्याच्याकडे पाहिलं, आणि ती रागावलेली नव्हती, हेच त्याला जास्त लागलं.

"मंग बंद करा ती स्क्रीन," धुरपताबाई पोरींना म्हणाली. "सुपाखाली झाका. आन् तू, राज्या, तीज उचलेपर्यंत ह्या ओट्यावर चढाचं नाही."

"सरळ होईन का ती?" सुखीबाईनं विचारलं.

"मले काय माहीत, बाई. असं कोणी केलंच नाही आजपर्यंत."

आत गेलेल्या पुष्पानं मॉनिटर बंद केला. दाराच्या फटीतून येणारी निळसर रेघ विझली.

त्यानंतरचे दिवस राजकुमारनं कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. कोंब वाकले ते वाकलेलेच राहतील का? कॅमेरा चालू आहे का? पॉवर बँक बदलली का? पुष्पाला विचारावं तर ती "चालू आहे" एवढंच म्हणून पाण्याचा लोटा घेऊन निघून जायची. पुसदला क्लासमध्ये त्यानं एकच धडा पोरांना दोनदा शिकवला. कुठं बूड टेकेना. मंदारनं त्याला चहाला नेलं तर चहा अर्धा टाकून उठला.

"अरे, मुळं आपली खाली जाते, शेंडा वर जाते," मंदार म्हणाला. "उजेड गेला का ते आपोआप वर येतीन. तू काही नोको करू."

"तेच तं जमत नाही ना मले," राजकुमार म्हणाला. हे त्यानं पहिल्यांदाच कबूल केलं होतं.

संध्याकाळी गाणी ऐकू यायची. तो तांड्याच्या टोकाला, बाभळीखाली उभा राहायचा आणि गाण्यावरून अंदाज घ्यायचा, की पोरी खूश आहेत की नाहीत. गाण्यावरून काहीही कळायचं नाही.

गोकुळाष्टमी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नायकाच्या अंगणात डफ वाजला. सगळा तांडा जमला. रामसिंग नवं पागोटं बांधून पुढं बसला. राजूरहून पाहुणे आले होते, नवरा मुलगाही. राजकुमार सगळ्यांच्या मागं उभा राहिला. पोरी डोक्यावर दुरड्या घेऊन बाहेर आल्या, आणि तो टाचा उंचावून बघू लागला.

कोंब उभे होते. पिवळे, लुसलुशीत, वीतभर. बुडाशी प्रत्येकाला एक बाक होता, उकिडवं बसलेलं माणूस उठताना गुडघा दिसतो तसा, आणि तिथून वर सगळे सरळ. पुष्पाच्या दुरडीतला बाक सगळ्यांत मोठा होता आणि तिची तीज सगळ्यांत उंचही होती. धुरपताबाईनं जवळ जाऊन हात फिरवला आणि "हं" म्हणाली. एवढ्या एका "हं"नं सुखीबाईच्या चेहऱ्यावरचं सगळं ओझं उतरलं.

पुष्पानं त्याच्या हातात कॉम्प्युटर आणि मॉनिटर आणून दिला. "दाखव आता."

त्यानं ओट्यावर स्क्रीन मांडली. श्रावणातलं ऊन मधूनच येत होतं, पण चित्र लख्ख दिसत होतं. तेवढ्यापुरता त्याचा दहा इंची उजेड कामाला आला. माती फुगली, टोकं निघाली, कोंब वर आले आणि हळूहळू एका अंगाला झुकायला लागले. मग चित्र एकदम कलतं झालं, दुरड्या तिरप्या आणि कोंब सरळ, ती पुष्पाच्या हातची करामत, आणि लगेच पुन्हा होतं तसं झालं. तिनं स्क्रीन बंद करताना कॅमेराही जागेवर आणला होता, हे त्याला आत्ता कळलं. पोरं ओरडली, "पडली, पडली." आणि मग, कोणी काही न करता, सगळे कोंब एकदमच मान उचलायला लागले. मधूनच एक ओला हात यायचा, पाणी घालायचा, जायचा. कोंब डुलत डुलत उभे राहिले. बायका बघता बघता टाळ्या वाजवायला लागल्या, आणि कोणीतरी तीजेचं गाणं धरलं.

पुष्पा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. ती स्क्रीनकडे बघत होती.

"पाह्यली का वाढताना?" त्यानं विचारलं.

"पाह्यली."  मग हळूच म्हणाली, "राजूरले दोनदा गेलता ना तू?"

राजकुमार गारठलाच. "तुले कोणी सांगितलं?"

"त्यायनंच सांगितलं. तू टपरीवर बसून होता, त्यायनं ओळखलं. चहाले बोलवाव म्हटलं तं तू निघून गेलता."

त्यानं पाहुण्यांकडे पाहिलं. नवरा मुलगा त्याच्याचकडे बघत होता आणि ओळखीचं हसत होता. राजकुमारला कुठं तोंड लपवावं ते कळेना.

रीतीप्रमाणे पोरी आपल्या दुरडीतले कोंब खुडून बापाच्या पागोट्यात, भावाच्या कानामागं खोवत होत्या. पुष्पानं रामसिंगला खोवले, तेव्हा रामसिंगनं मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. मग ती राजकुमारपाशी आली. दुरडीतला सगळ्यांत वाकड्या बुडाचा कोंब तिनं शोधून काढला.

"हा तुले," ती म्हणाली आणि तो त्याच्या कानामागं खोवला. "मी तिकडं गेली का दर घंट्याले फोन नोको करू, भिया. मले आपलं आपलं होऊ दे. होईन मी सरळ."

त्याला खूप काही बोलायचं होतं. तिथली धूळ, तिथलं पाणी, तिथून पुसदला येणारी शेवटची एसटी. त्यानं मान हलवली. पोरी गात गात दुरड्या घेऊन तीज पाण्यात सोडायला नाल्याकडे निघाल्या, पुष्पा त्यांच्यात मिसळली, आणि तो पाठोपाठ जायला निघालाच होता. दोन पावलं टाकली आणि थांबला. मग ओट्यावर बसून त्यानं मॉनिटरची वायर गुंडाळली, स्टँड मिटलं, कव्हर घातलं. गाणं लांब लांब जात होतं. कानामागचा कोंब टोचत होता, पण त्यानं त्याला हात लावला नाही.